दसऱ्याच्या सकाळी डबा १९७० सालात गेला

आमचं घर आंधळगावातलं, विणकराचं. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, आणि हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत. माग, धोटा, फणी, कात्री, काकांची सायकल, काकीचा मिक्सर. एका वर्षी टीव्हीच्या रिमोटलाही हळदीकुंकू लागलं होतं. त्याचं आवाज कमी करायचं बटण जे चिकटलं ते चिकटलंच, आणि वर्षभर आमच्या अख्ख्या गल्लीने बातम्या आमच्याच टीव्हीवर ऐकल्या, आपापल्या घरी बसून.

पूजेचे नियम दोन. पूजेच्या वेळी हत्यार थांबलेलं पाहिजे, कारण चालत्या हत्याराला कोणी कुंकू लावत नाही. आणि पूजा झाली की दिवसभर त्याला विसावा. संध्याकाळी सोनं लुटून घरी आल्यावर मगच मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायचा. एकदा ताणा चढला की तो विणून संपेपर्यंत मागावर दुसरं काही येत नाही. मग त्याला दोन महिने लागोत की चार.

त्या वर्षी भांडण याच ताण्याचं होतं.

माझी चुलत बहीण, काकांची मुलगी, लग्नाआधीपासून बापाच्या मागावर बसायची. लग्न गावातच झालं, त्यामुळे लग्नानंतरही रोज सकाळी हजर. हात असा की कोशाचं रेशीम तिच्या बोटांत आपसूक सरळ व्हायचं. पण आजवर विणलेला प्रत्येक काठ काकांनी सांगितलेला. यंदा तिने स्वतःचा काठ काढला होता. आपल्याकडे करवती काठ असतो, आरीच्या दातांसारखा. तिने त्या दातांच्या जागी शिंगाडे बसवले. बोडीत, आमच्या गावतळ्यात, पिकतात तेच, दोन शिंगांचे. काकांनी ऐकल्याबरोबर पान थुंकलं.

“शिंगाडा उपासाले खातेत, वो. नेसत नाईत.”

“करवत तं खातही नाईत आन् नेसतही नाईत,” ती म्हणाली. “तरी साऱ्या बाया करवतीच नेसतेत ना, बाबा.”

चौथ्या दिवशी काकांनी अट घातली. दसऱ्याच्या संध्याकाळी ते सोनं घेऊन घरात पाय ठेवतील तेव्हा अख्खा नक्शा डोळ्यांना दिसला पाहिजे. काठात किती धागे कोणत्या रंगाचे, कुठे काय उचलायचं, सगळं. “तुह्या डोस्क्यातला काठ मले दिसत नाई. नक्शा दिसला त तुहा ताणा, नाई त उपरण्याचा.” उपरण्याचा पांढरा ताणा गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेलाच होता; तिचा ताणा आणि काठाच्या धाग्यांचा गड्डा आतल्या खोलीत वाट पाहत होता. पुढे दिवाळी होती, लग्नसराई होती. उपरणी चढली असती तर शिंगाडे पुढच्या हंगामापर्यंत बोडीतच राहिले असते.

आता नक्शा कुठे होता? नक्शा होता डब्यात.

डबा हे आमच्या घरच्या साठवणीच्या यंत्राचं नाव. नागपुरात एका दुकानदाराने मला ते वापरलेलं विकलं. आत दोन हार्ड डिस्क, लिनक्स, आणि एक पंखा. पंख्याच्या आवाजाबद्दल मी वाढवून सांगणार नाही. एवढंच सांगतो की तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा शेजारची म्हैस दावं तोडून मोहाडीच्या रस्त्याला लागली. घरभरचे फोटो, लग्नाच्या फिती, काकांचे जुने काठ, सगळं त्यात. शिवाय मी त्यात नक्शे काढायचा एक प्रोग्राम बसवला होता. मोबाईलवर चौकोन भरायचे, नक्शा डब्यात जमा. बहीण आधी चौकटीच्या कागदावर काढायची. मीच म्हणालो, “कागद कायले खराब करतं, डबा हाय न.”

डबा ठेवला होता देवघरात. इन्व्हर्टरचं कनेक्शन तेवढ्याच भिंतीला होतं, म्हणून. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि तो.

दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून आलो, मुहूर्त चांगला म्हणून डब्याला नवे प्रोग्राम आणायला सांगितलं आणि अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण बांधायला गेलो. तोरण बांधून परत येतो तर घरात अशी शांतता की पालीचं मन वाचता यावं. पंखा बंद. डब्यावर हळद, डब्यावर कुंकू, डब्यावर झेंडूचं फूल, डब्यासमोर फोडलेला नारळ, आणि काकी हात जोडून उभी.

“काकी, डबा कोणं बंद केला?”

“मी.”

“कायले?”

“मंग का चालत्या हत्याराले कुंकू लावू? धोटा फिरता ठेवून पुजतं का तू?” काकी म्हणाली. “बटण दाबलं, पूजा केली. शास्त्र हाय ते.”

मी बटण पुन्हा दाबलं. पंखा फिरला, दिवा हिरवा झाला, आणि बहिणीच्या मोबाईलवर नक्शाचा प्रोग्राम उघडेना.

इथे थोडं सांगावं लागतं. लिनक्सच्या यंत्रात कोणताही प्रोग्राम आपल्या पायांनी आत येत नाही. पॅकेज मॅनेजर म्हणून एक असतो, तो सगळ्यांना आणतो, बसवतो, जुने काढतो. लग्नघरी कोठीवर बसवलेले मामा असतात ना, किल्ली कमरेला, तूप कोणाला किती गेलं ते त्यांनाच ठाऊक, आणि नवरदेवाचा बाप जरी आला तरी “आधी ते संपवा, मग हे नेजा” म्हणणारे, अगदी तसा. आमच्या डब्यातले मामा भर कामात असताना काकीने दिवे घालवले. जुनं भांडं बाहेर काढून झालेलं, नवं अजून दारात. नक्शाचा प्रोग्राम ज्या दोन-चार तुकड्यांवर उभा होता ते तुकडेच अर्धवट. फाईल डब्यात शाबूत होती. बाहेर काढून मी ती लॅपटॉपवर उघडूनही पाहिली. नुसती आकड्यांची भरड. तिला नक्शा करून दाखवणारा प्रोग्राम तेवढा त्याच डब्यात, आणि तो मेलेला.

मी लॅपटॉप घेऊन देवघरासमोर मांडी घातली. काळ्या पडद्यावर पहिला हुकूम टाकला तोच काकीचा आवाज आला.

“पूजा झालेल्या हत्याराले हात लावला यानं.”

घरात पंचायत बसली. काकीचं म्हणणं, विसावा म्हणजे विसावा. बहिणीचं म्हणणं, मुडद्याचं पडणं विसाव्यात धरत नाईत. शेवटी काकांना विचारलं. काका उपरण्याच्या ताण्याशेजारी खाटेवर पडले होते, आणि निकाल काय द्यायचा यात त्यांचा स्वतःचा फायदा सरळ होता. पण माणूस न्यायाचा.

“पोळ्याच्या दिशी बैलाले जुंपत नाई,” ते छताकडे पाहत म्हणाले. “पन बैल बिमार पडला त डाक्टर बलावतेत का नाई? दवादारू म्हंजे काम नाई होय. पन बजावून सांगतो बाबू, बरा झाला की लगेच सोड त्याले. त्याच्याकडून नांगरून घेजो नको.”

असा मी त्या दिवशी डॉक्टर झालो.

पहिलं दुखणं सोपं होतं. पॅकेज मॅनेजर म्हणाला, दुसरं कोणीतरी आत काम करत आहे, थांबा. आत कोणी नव्हतं. सकाळी मेलेलं कामच आतून कडी लावून गेलं होतं. कडी काढली. मग तो म्हणाला, मागचं काम अर्धवट आहे, आधी ते पुरं करा. पुरं कर म्हणून सांगितलं. त्यावर म्हणाला, एक तुकडा कमी आहे, तो आणावा लागेल. आण म्हटलं. आणि तिथे त्याने असा पवित्रा घेतला की मी आयुष्यात पाहिला नाही. जिथून म्हणून माल आणायचा, त्या प्रत्येक ठिकाणच्या मालाला तो नाही म्हणाला. इकडचा नको, तिकडचा नको. बारशाला आलेल्या आत्याबाईसारखा.

दुपार झाली. मी इतका टाइप करत होतो की लॅपटॉपवर काकीने पापड शेकून घेतले असते. जेवण कोणतं झालं ते आठवत नाही. बहिणीने घास भरवले असावेत, कारण कळफलकावर पुरणाचा डाग अजून आहे. ती माझ्या खांद्यामागून हलत नव्हती. तिकडे काका खाटेवरून उठून उपरण्याच्या ताण्याची गाठ सोडायचे, पाहायचे, परत बांधायचे.

“कुठवर आलं गा?” त्यांनी विचारलं.

“माल घेऊन नाई राहिला, काका. म्हणते शिक्का चालत नाई.”

“कोन्या गावचा शिक्का?”

“गावाचं नाई. म्हणते या मालाची तारीख अजून लागली नाई. थांबा म्हणते.”

“कितीक थांबा?”

मी पडद्यावरचा आकडा पाहिला. हजारो दिवस होते. मी काकांना सांगितलं, हजारो दिवस.

काकांनी विचार केला. “दिवाळीपर्यंत होईल का मंग?”

हसता हसता माझ्या लक्षात आलं. मालाची तारीख अजून लागली नाही, याचा अर्थ माल पुढचा आहे असं नाही. डबा मागे आहे. मी डब्याला विचारलं, बाबा रे, आज वार कोणता, तारीख काय. डबा म्हणाला, एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.

डब्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेलेली होती. नागपूरच्या दुकानदाराने मला विकलं तेव्हाही मेलेलीच असणार. डबा कधी बंदच होत नव्हता म्हणून कोणाला कळलं नाही. लिनक्सला वेळ आठवेनाशी झाली की ते थेट सत्तर सालच्या पहिल्या दिवसावर जाऊन बसतं. एरवी ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं. पण वेळ विचारणारा प्रोग्रामही नेमका त्याच अर्धवट ढिगाऱ्यात. म्हणजे एका बटणाने काकीने डबा अर्धं शतक मागे नेला होता. त्याच्या मते गोंदिया अजून वेगळं झालं नव्हतं, भंडारा जिल्हा अख्खाच्या अख्खा एकत्र होता, आणि मी जन्मलो नव्हतो. न जन्मलेल्या माणसाचा हुकूम त्याने का ऐकावा?

“सत्तर साल?” काका खाटेवर उठून बसले. “तवा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. आमचा बाप तवा या मागावर बसे.” मग म्हणाले, “काय विणून राहिले विचार बरं त्याले.”

“बाबा,” बहीण म्हणाली, “तारीख सांगा आधी.”

तारीख मला माहीत होती; वेळ काकांच्या भिंतीवरच्या घड्याळातून घेतली. ते घड्याळ काका मुद्दाम पुढे ठेवतात, नाही तर आमचं घर कोणत्याच लग्नाला अक्षता पडायच्या आत पोचत नाही. डब्याला तेवढं चालतं. हाताने तारीख घातली आणि त्याच मालाला तो आता म्हणाला, या, या, बसा. आत्याबाईंनी पानसुपारीसुद्धा मागितली.

उन्हं अंगणाच्या निम्म्यावर आली होती. गावातले लोक नवे कपडे घालून बोडीच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, निघायला लागले होते. तिकडेच सीमोल्लंघन होतं, तिकडून सोनं येतं. काकांनी टोपी घातली. “येतो,” म्हणाले. आता घड्याळ नव्हे, काकांचे पाय वेळ मोजणार होते. पाळीपर्यंत जाणं, शमीची पूजा, मग वाटेतल्या प्रत्येक घरी सोनं देऊन पाया पडणं. आमच्या काकांना गावात पाया पडायला माणसं कमी आणि पाया पडून घ्यायला जास्त, म्हणून बराच वेळ मिळेल असा माझा हिशोब होता.

मी डब्यातल्या मामांना म्हटलं, आता सगळं एकदाच दुरुस्त करून टाका. ते लगेच तयार झाले. इतके लगेच की मला संशय यायला हवा होता. म्हणाले, करतो, फक्त पुढच्या काही गोष्टी काढून टाकतो. हो की नाही? खाली नावांची रांग, आंबागड किल्ल्याच्या पायऱ्यांसारखी, वर पाहिलं तर टोक दिसेना. मी हो म्हणायला बोट उचललं.

बहिणीने बोट धरलं. मोडलंच म्हणा ना.

“शेवटचं नाव वाच, दादा.”

शेवटचं नाव तिच्या नक्शाच्या प्रोग्रामचं होतं. मामांचा उपाय सरळ होता: पंगत कमी पडते ना, मग नवरीलाच उठवा.

“नाही” म्हटलं. मग दोघांनी मिळून एकेक ओळ वाचली. ती इंग्रजी अडखळत वाचायची, पण विणकराला एक सवय असते. कुठे धागा तुटला ते शोधताना कापड पाहत नाही, शेवटची बरोबर विणलेली ओळ पाहतो. ती म्हणाली, “इथपर्यंत बरोबर हाय. इथून पुढं तो एकच नाव घेऊन रडून राहिला.” एकच तुकडा होता. सकाळी दिवे गेले तेव्हा तो अर्धाच उतरला होता, आणि मामा तोच अर्धा तुकडा कोठीतून काढून पुन्हा पुन्हा बसवायला बघत होते. कोठीतला उतरवलेला सगळा माल फेकून दिला आणि सांगितलं, ताजा आणा.

ताजा आणायचा म्हणजे इंटरनेट. आमचं इंटरनेट म्हणजे काकीचा मोबाईल. सणाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक मोबाईलमधून शुभेच्छांचे फुलांचे हार जात होते, त्यामुळे आमच्या वाट्याला जे येत होतं ते ठिबक सिंचनच. मी मोबाईल खिडकीत ठेवला, मग माठावर, मग पेरूच्या झाडाला लटकवला. शेवटी काकी न बोलता उठली, जिन्याने गच्चीवर गेली आणि मोबाईल धरलेला हात तिने आभाळाकडे उंच केला.

“काकी, थोडं पूर्वेले.”

काकी पूर्वेला सरकली. पडद्यावरची रेघ धावायला लागली.

“बस. तसीच ऱ्हाय.”

“सांगशील तवा हात खाली करतो,” काकी वरून म्हणाली. तो हात तसाच राहिला. मी सांगतो तुम्हाला, नागपूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या विमानाला त्या संध्याकाळी तिच्यावरून वळण घ्यावं लागलं असेल.

रेघ तीन चतुर्थांश भरली आणि थांबली. वरून काकीचा आवाज: “हालो. हो दादा, दसऱ्याच्या तुमालेही.”

नाकाडोंगरीच्या खाणीत काम करणाऱ्या तिच्या भावाचा फोन. आमच्या मोबाईलवर फोन आला की इंटरनेट जातं. आणि काकी आणि तिचा भाऊ फोनवर भेटले की खाणीतल्या प्रत्येक माणसाची तब्येत विचारून होईपर्यंत कोणी ठेवत नाही; गेल्या दिवाळीत त्यांचं बोलणं सुरू असताना आमच्याकडे वासरू झालं, वाढलं आणि विकलं गेलं. गल्लीच्या तोंडाशी काकांची टोपी दिसत होती. ते कोणाकडून तरी पाया पडून घेत होते.

बहीण जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “आई, माहा ताणा अडकला.”

मग काकीचा आवाज: “दादा, मी काम करून राहिली, मंग बोलतो,” आणि फोन बंद. भावाला ‘काम आहे’ म्हणून फोन ठेवण्याची काकीची ती पहिलीच वेळ असावी. नाकाडोंगरीत त्या रात्री कोणी जेवलं नसेल.

रेघ भरली. मामांनी ताजा तुकडा घेतला, जागेवर बसवला, मग त्याच्यावर उभे असलेले सगळे एकामागोमाग उठून उभे राहिले, वेळ विचारणाराही, नक्शावालाही. पडद्यावर शेवटी काहीच आलं नाही. लिनक्समध्ये सगळं ठीक झालं की ते काही बोलत नाही, आपल्याकडच्या जावयांसारखं.

बहिणीने मोबाईल टीव्हीला जोडला. काका सोन्याची पानं हातात घेऊन दारात आले तेव्हा समोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, शिंगाडेच शिंगाडे होते. प्रत्येकाची दोन शिंगं वर, खाली पाण्याची एक बारीक रेघ, दर चार शिंगाड्यांनंतर एक पान, आणि कडेला रंगवार धाग्यांचे आकडे.

काकांनी चपला काढल्या नाहीत. दारातूनच पाहिलं.

“शिंगं वर काहून?”

“खाली केली त नेसणारीच्या पायाले टोचतीन.”

“पाणी हिरवं काहून नाई?”

“बोडीचं पाणी कोणं पाहिलं हिरवं, बाबा? काळपट ऱ्हायते ते. काळा धागा एक, कथ्थी धागा एक.”

“असं बारीक जमन?”

“तुमच्यानं नाई जमणार,” ती म्हणाली. “माह्यानं जमन.”

गच्चीवरून काकी खाली आली होती, उजवा हात अजून वरच होता. तिला कोणी खाली करायला सांगितलंच नव्हतं. काकांनी सोन्याचं एक पान तिला दिलं, एक मला दिलं, एक डब्यावर ठेवलं. बहिणीला द्यायचं पान त्यांनी हातातच ठेवलं. मग भिंतीला टेकवलेला उपरण्याचा ताणा उचलून खाटेखाली सरकवला, ते पान तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “काठाचा गड्डा आण.”

मग मला टोक धरून उभं केलं. डॉक्टरकीचा मान तेवढाच. विणकराच्या घरात ताणा चढवताना टोक धरणारा माणूस म्हणजे खुंटा. हलायचं नाही, बोलायचं नाही, नाक खाजवायचं नाही. काका एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. जुन्या ताण्याची उरलेली टोकं फणीत होती, त्यांना ती नव्याची टोकं एकेक करून सांधत होती. काळा, कथ्थी, काळा, कथ्थी. काकांनी घाईने ताण्याला ओढ दिली.

“हळू,” ती मान वर न करता म्हणाली. “माहा ताणा होय तो.”

काकांनी हात सैल केले आणि ती सांगेल तेवढंच ओढायला लागले.